जळालेल्या गायरानात गवत दरवर्षी पातळ का होतं, आणि गुरं नेमकी कधी आत सोडायची

फाल्गुनात डोंगर पेटतो, चैत्रभर काळा पडून राहतो, मृगाच्या तोंडाला हिरवा होतो, आणि श्रावणात जाऊन बघावं तर गवत घोट्याला लागत नाही. मध्येमध्ये टाकळा माजलेला. दिवाळीला विळा लावावा असं काही नाही, म्हणून वैरण विकत. पुढच्या फाल्गुनात पुन्हा तेच.

आमचं गायरान पुरंदर-भोरच्या हद्दीवर आहे. वर वनखात्याची हद्द, खाली ओढा. तिथे हे चक्र मी बरीच वर्षं पाहतोय, आणि आजूबाजूच्या गावांतून लोक येऊन एकच प्रश्न विचारतात: "वणव्याने मुळंच जळाली का हो?" बहुतेक वेळा नाही. गवत मार्चमध्ये मरत नाही, ते जूनमध्ये मरतं. कसं, ते खाली लिहितो. पण माझ्यावर विश्वास ठेवण्याआधी स्वतःच्या डोंगरावर तपासून बघा, कारण पाचात एखाद्या ठिकाणी खरोखर आगीचाच दोष निघतो आणि तिथला इलाज वेगळा आहे.

आधी ठोंब ओढून बघा

गवताचा जाळ उंच दिसतो, पण तो एका जागी थांबत नाही, वाऱ्याबरोबर पळतो. माती उष्णता सहजासहजी खाली जाऊ देत नाही; वर ज्वाळा असताना दोन बोटं खालची माती जेमतेम कोमट होते. मारवेल, पवन्या, डोंगरी ही आपल्याकडची चांगली गवतं वर्षानुवर्षं जगणारी. त्यांचे फुटव्याचे डोळे जमिनीलगत, जुन्या खोडक्यांच्या आत झाकलेले असतात. वरचं वाळलेलं जळून गेलं तरी डोळा शाबूत राहतो.

वणव्यानंतर पंधरा दिवसांनी जा. काळा ठोंब मुठीत धरा आणि सरळ वर ओढा. मुळासकट हातात आला तर तो गेला (किंवा आधीच वाळवीने पोखरलेला होता). हलला नाही तर बुडखा नखाने खरवडा. आत पांढरट, किंचित ओलसर लागलं तर ठोंब जिवंत आहे. असे वीस ठोंब वेगवेगळ्या ठिकाणी बघा, एकाच जागी बसून नाही.

जिथे पडलेलं लाकूड, करवंदीची दाट जाळी किंवा वाळल्या शेणाचा थर तास-तास धुमसत राहिला असेल तिथे राख पांढरी आणि माती विटकरी दिसेल. तिथे मात्र डोळेही गेले आणि मातीतलं बीही गेलं. अशा जागा ताटाएवढ्या किंवा खोलीएवढ्या असतात, अख्खा डोंगर तसा नसतो. तिथे आषाढात, झड लागलेली असताना, शेजारच्या चांगल्या मारवेलाचे मुळासकट ठोंब उपटून वीत-दीड वीत अंतराने लावायचे. मारवेल असा सहज लागतो. या जागांचा विषय इथे संपला.

काट्यांच्या चौकटी

दुसरी तपासणी ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि कोणीच करत नाही. आग आणि चराई या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात की नुसतं बघून दोष कुणाचा ते कळत नाही. म्हणून वळवाच्या आधी तीन-तीन फुटांच्या चौकटी करवंदी-बोरीच्या काट्यांनी बंद करायच्या: तीन जळालेल्या भागात, तीन न जळालेल्या भागात. प्रत्येकीच्या शेजारी तेवढीच जागा खुंट्या मारून उघडी ठेवायची. गणपतीच्या सुमारास सगळ्यांतलं गवत कापून तोलायचं.

आमच्याकडे पहिल्यांदा केलं तेव्हा काटे तिसऱ्या दिवशी कुणीतरी चुलीला नेले. दुसऱ्या वर्षी दगड रचून वर काटे टाकले. तेव्हा जे दिसलं ते असं: जळालेलं पण गुरांपासून वाचलेलं गवत, न जळालेल्या आणि वाचलेल्या गवताहून थोडंच कमी होतं. जळालेलं आणि चरलेलं मात्र विळ्यालाही लागत नव्हतं. तुमच्याकडे उलटं निघालं, म्हणजे काट्यांच्या आतही पातळच आलं, तर दोष चराईचा नाही. मग माती किती उरलीय ते बघा.

जूनमध्ये काय होतं

एक म्हातारे मेंढपाळ तात्या दरवर्षी वैशाखात कोकणातून परत जाताना आमच्या माळावर वाडा (कळपासह मुक्काम) टाकायचे. एकदा वळीव होऊन आठ दिवस झालेले. जळक्या उतारावर ते उकिडवे बसले, दोन बोटांनी एक कोंब अलगद बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. वर चार बोटं पोपटी पातं, खाली पांढराशुभ्र मऊ देठ, आणि नवं मूळ एकही नाही. म्हणाले, "हे अजून अंगावर पितंय. आत्ता मेंढरू लावलं तर पाप."

शास्त्राच्या भाषेत सांगायचं तर पहिला फुटवा हा उन्हापावसावर जगत नसतो, तो बुडख्यात मागच्या वर्षी साठवलेल्या अन्नावर येतो. पानं पुरेशी झाली की मग कमाई सुरू होते आणि साठा भरून निघतो. त्याआधी पातं खाल्लं गेलं की ठोंब पुन्हा साठ्यातून फुटवा काढतो. पुन्हा खाल्लं, पुन्हा काढतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी काढायला काही उरत नाही. तुम्हाला वरून दिसतं ते "गवत येतंय पण वाढत नाही", आणि दोष मार्चमधल्या आगीला जातो.

अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ साली हे मोजून छापलं. गवताची निम्मी पानं काढली तर मुळांची वाढ जवळजवळ तशीच चालू राहते. ८० टक्के काढली तर मुळं बारा दिवस वाढायची थांबतात, ९० टक्के काढली तर सतरा दिवस. आपल्याकडे वळवानंतर दर दोन-तीन दिवसांनी गुरं त्याच जागी येतात. म्हणजे मुळं थांबतात ती सुरू व्हायला सवडच मिळत नाही.

आणि गुरं त्याच जागी का येतात, हेही समजून घ्यायला हवं. जुनी वाळकी काडी जळून गेलेली, त्यामुळे तोंडाला नुसता कोवळा पाला लागतो. राखेत पालाश, स्फुरद, चुना उरलेला असतो. नत्राचा मोठा भाग धुरातून निघून जातो, तरी कोवळ्या फुटव्यात प्रथिनं भरपूर. जनावराला हे आपल्या आधी कळतं. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये कोन्झा नावाच्या गवताळ प्रदेशात रानगव्यांसारखे बायसन मोकळे आहेत, तिथेही ते त्या वर्षी जळालेल्या तुकड्यावर जाऊन ठाण मांडतात आणि बाकीचं गवत सोडून देतात. त्यांच्याकडे तुकडे आळीपाळीने जाळतात, त्यामुळे एक तुकडा खाल्ला जातो तेव्हा दुसऱ्यांना विश्रांती मिळते. वाचून आपल्याकडे कुणी काडी लावू नये. त्यांच्याकडची माती वेगळी, आपल्या उतारावर मुरमावर चार बोटं.

यातून एक गोष्ट निघते जी लोकांना पटत नाही: कमी जळालं म्हणजे नुकसान कमी, असं नसतं. शंभर एकरातलं सगळं जळालं तर गुरं पांगतात. शंभरातलं पाच एकर जळालं तर शंभराची गुरं त्या पाचात. आमच्या गायरानातलं सगळ्यात वाईट टक्कल अशाच एका छोट्या वणव्याचं आहे, जो आम्ही अर्ध्या तासात विझवला आणि शाबासकी घेतली.

बंदी उलटी लागते

वणवा झाला की ग्रामसभेत हळहळ होते, ठराव होतो: "जळालेल्या भागात चराई बंद." हा ठराव मार्चपासून मेपर्यंत काटेकोर पाळला जातो, कारण तिथे खायलाच काही नसतं. मृगाचा पाऊस पडला, डोंगर हिरवा झाला, की "आता आलं की गवत" म्हणून सगळे गुरं घालतात. मग दसरा-दिवाळीला, जेव्हा गवताचं बी पडून गेलेलं असतं आणि ठोंब झोपी गेलेला असतो, तेव्हा उरलेल्या भागातलं उंच गवत "राखीव" म्हणून उभंच ठेवलं जातं. फाल्गुनात तेच पेटतं.

म्हणजे जेव्हा चरून काही बिघडत नाही तेव्हा बंदी, आणि बिघडतं तेव्हा मोकळीक. दुरुस्ती एवढीच आहे: बंदी पुढे, पावसाळ्यावर सरकवा.

वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की जळालेला भाग बंद. तो किमान घटस्थापनेपर्यंत बंद. पवन्या-मारवेल भाद्रपद-आश्विनात तुरा टाकतात. बी झडायला लागलं की विळ्याने कापा, बुडापासून चार बोटं सोडून. लोक म्हणतात, तुऱ्याआधी कापलं तर वैरण जास्त कसदार. खरं आहे. पण जळालेल्या वर्षी बी पडणं जास्त गरजेचं, तेव्हा त्या वर्षी थोडा कस सोडा. दर पंचवीस-तीस पावलांवर एक पट्टा न कापता ठेवला तर बियाणं पुढच्या वर्षालाही पुरतं.

कापणी झाली की, तुळशीच्या लग्नानंतर, खुशाल गुरं घाला. वाळलेल्या, झोपलेल्या ठोंबाला चराईचा त्रास फार कमी. उलट काडी मोडते, शेण पडतं आणि जळायला माल उरत नाही. रस्त्याकडेचा आणि शेताच्या बांधाकडचा पट्टा आधी चारून घ्या, कारण आग तिथूनच येते. ही गुरांनी काढलेली जाळरेषा. नंतर त्यावर दहा-बारा फूट रुंद झाडून-खुरपून घेतलं की काम सोपं. नुसती जाळरेषा काढून पलीकडे कमरेएवढं वाळकं गवत उभं ठेवणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

पण पावसाळ्यात गुरं न्यायची कुठे?

इथेच सगळे ठराव मोडतात, आणि खरं सांगायचं तर या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. निम्मं उत्तर असं: न जळालेल्या भागाचे तीन तुकडे करा आणि गुराखी एका तुकड्यात दहा-बारा दिवसांहून जास्त राहणार नाही असं बघा. बांधावरचं गवत, मक्याचा चारा, थोडा कडबा यावर संध्याकाळची भूक काढा. म्हशी घरी बांधून चालतात; शेळ्या घरी बांधल्या की घर डोक्यावर घेतात.

कुठलं जनावर, यानेही फरक पडतो. गाय-म्हैस जिभेने गवताची मूठ वळवून तोडते, त्यामुळे दोन-तीन बोटं खुंट उरतो. मेंढी दातांनी पार जमिनीलगत खुडते. शेळीचं लक्ष गवतापेक्षा झुडपांवर. धावडा, खैर, बोर, आपटा यांच्या जळक्या खोडातून चैत्रातच लाल-पोपटी धुमारे येतात आणि शेळीला ते लाडवासारखे. म्हणून शेळ्यांची बंदी मात्र वणव्याच्या दुसऱ्या दिवसापासून. झाड नको, फक्त गवत हवं असं तुमच्या गावाने ठरवलं असेल तर गोष्ट निराळी. शुद्ध माळ असेल तिथे झाडं वाढवलीच पाहिजेत असं मी म्हणणार नाही.

निम्मं न सुटलेलं उत्तर: ज्याच्याकडे जमीन नाही, फक्त सहा शेळ्या आहेत, त्याने कुठे जायचं? आमच्याकडे कापलेल्या गवतातले भारे अशा चार-पाच घरांना आधी द्यायचे ठरलं, तेव्हा बंदी टिकली. ज्या वर्षी भारे वाटण्यात घोळ झाला, त्या वर्षी रात्री गुरं आत होती.

धनगरांच्या वाड्याचं काय

वाडे दिवाळीनंतर खाली कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर माण-खटाव, फलटणकडे परत जातात. म्हणजे आपल्या जळक्या उतारावरून ते नेमके फुटव्याच्या दिवसांत जातात. गावात पहिला राग त्यांच्यावर निघतो. पण दोन रात्री थांबून पुढे जाणारा कळप आणि पावसाळाभर रोज येणारी गावची गुरं, यात जास्त नुकसान कशाने होतं ते आता वेगळं सांगायला नको. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनजमिनीवरही फिरत्या पशुपालकांच्या चराईचा हक्क मानलेला आहे, त्यामुळे काठी घेऊन अडवणं चुकीचंही आहे. वाट ठरवून द्या, पाणी दाखवा, जळका भाग कुठला ते सांगा. त्यांना आपल्याहून लवकर कळतं.

एक प्रयोग मात्र सांगतो. सपाट, घट्ट झालेल्या टकलावर आम्ही वळवाआधी दोन रात्री मेंढ्या बसवल्या, वाघूर (जाळीचं कुंपण) लावून. खुरांनी वरची पापडी फुटली, लेंड्या आणि मूत मातीत गेलं, आणि ती जागा लगेच रिकामी केली. त्या जागेवर गवत आलं. पण हे उतारावर करू नका, पहिल्याच सरीत सगळं ओढ्यात. आणि शेतात मेंढ्या बसवायला शेतकरी पैसे-धान्य देतो, गायरानासाठी कोण देणार? पुढच्या वर्षी ते जमलं नाही.

वर वनखात्याची हद्द असेल तर तिथे आणखी एक कायदा बघावा लागतो. १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ मध्ये राखीव वनात आग लावणं आणि गुरं घुसवणं हे दोन्ही गुन्हे आहेत. त्याच कलमात हेही आहे की आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल तर सरकार त्या भागातले चराईचे हक्क काही काळ थांबवू शकतं. शंभर वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यालाही आग आणि चराई एकत्रच दिसत होत्या, एवढंच.

माती वाहतेय का? डब्याने बघा

तेलाच्या डब्याचं वरचं-खालचं झाकण कापा, बोटभर जमिनीत रोवा, आत तांब्याभर पाणी ओता आणि मुरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर बघा. एकदा जळक्या भागात, एकदा न जळक्या, आणि एकदा गुरांच्या वाटेवर. जळका आणि न जळका यांत फरक असतो, पण गुरांच्या वाटेवर पाणी बसूनच राहतं. ओल्या मातीवर खूर पडून ती विटेसारखी दाबली जाते. उतारावर आडव्या जाणाऱ्या या वाटा बऱ्या, सरळ खाली येणाऱ्या वाटा म्हणजे पुढच्या वर्षीच्या घळी.

इलाज स्वस्त आहे: उभ्या वाटेवर दर आठ-दहा पावलांवर दगडांची आडवी ओळ, आणि तोंडाला काटे, म्हणजे गुरं दुसरी वाट धरतात. मेअखेर एका दिवसात चार माणसांचं काम. सगळ्या डोंगरावर समतल चर खणायची घाई मात्र करू नका. जिवंत ठोंब असलेल्या जमिनीत चर खणणं म्हणजे जे माती धरून आहे तेच उपटणं.

टाकळा, कुसळ, घाणेरी

टाकळा गुरं हिरवा असताना खात नाहीत. शेजारचं गवत खातात, त्याला मोकळी जागा करून देतात. कोवळा असताना भाजी करा, उरलेला शेंगा धरायच्या आत उपटा. काट्यांच्या चौकटीत टाकळा कमी दिसला तर समजा कारण चराईच.

कुसळ वेगळं. एक कुसळ तळहातावर ठेवून त्यावर थेंबभर पाणी टाका. शेपटी पीळ सोडत गरगर फिरते आणि टोक कातडीत घुसायला बघतं. असंच ते मातीत शिरतं, म्हणून वरून आग गेली तरी त्याचं बी वाचतं. दरवर्षी जळणाऱ्या डोंगरावर शेवटी कुसळच कुसळ का उरतं, त्याचं हे एक कारण. कोवळं असताना गुरं खातात, आश्विनानंतर मेंढीच्या लोकरीत आणि तोंडात रुततं. तेव्हा कुसळीचा पट्टा असेल तर तुरा येण्याआधीच चारून किंवा कापून घ्या. वर मारवेलासाठी सांगितलं त्याच्या नेमकं उलट.

घाणेरी जळाली तरी बुडातून फुटते, आणि विषारी असल्याने जनावर सहसा तोंड लावत नाही. ती वणव्यानंतरच्या पहिल्या पावसात, जमीन मऊ असताना, खोडाच्या गाठीसकट खणूनच काढायची. वेडी बाभूळ तर शेळ्यांच्या पोटातून येते: शेंगा खाल्लेल्या शेळ्या जळक्या भागात बसल्या की वर्षभरात रोपं.

हे करूनही सुधारलं नाही तर

एका वर्षात गवत दाट होईल अशी आशा धरू नका. पहिल्या पावसाळ्यात उंची सुधारते, ठोंबांची संख्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. मध्ये पुन्हा पेटलं तर मोजणी पहिल्यापासून. आमच्याकडे तिसऱ्या वर्षी रस्त्याकडेचा पट्टा चारायचा राहिला, आणि आग तिथूनच आली. यंदा तो पट्टा कार्तिकातच म्हशींना दिलाय. काट्यांच्या सहा चौकटींपैकी चार शाबूत आहेत, दोन पुन्हा कुणाच्या तरी चुलीत गेल्या.